पाटी का उतरत नाही

लोणावळ्यातून भुशी आणि लायन पॉइंट मागे टाकत जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला सहारा समूहाची अ‍ॅम्बी व्हॅली आहे. तालुका मुळशी, पण पोचायची वाट लोणावळ्याचीच. सहारा समूहाला गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये ही मालमत्ता लिलावात काढायचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकृत अवसायकाने ऑगस्टमध्ये जाहीर नोटीस काढली. राखीव किंमत होती ३७,३९२ कोटी रुपये. पुणे जिल्ह्यातली ६,७०० एकरांहून अधिक जमीन, तळी, गोल्फचं मैदान, धावपट्टी, बंगले, सगळं त्यात आलं. ऑक्टोबरमध्ये लिलावाची वेळ आली आणि एकही खरेदीदार पुढे आला नाही. पुढच्या वर्षी तुकडे पाडून विकायचा विचार झाला, तरी ग्राहक मिळाला नाही. एप्रिल २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने तिथल्या ७०७ एकरांवर टाच आणली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समूहाने अ‍ॅम्बी व्हॅलीसह ८८ मालमत्ता अदानी प्रॉपर्टीजला विकण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली. देशातलं सर्वोच्च न्यायालय पाठीशी असतानाही विक्रीची पाटी उतरली नाही.

याचा आपल्या दहा गुंठ्यांच्या बंगल्याशी काय संबंध, असं वाटू शकेल. मला तो फार जवळचा वाटतो. आकड्यांतली शून्यं काढून टाकली की उरणारी कारणं तुंगार्ली, वळवण किंवा कार्ल्याच्या बंगल्यालाही जशीच्या तशी लागू पडतात. तिथेही किंमत विकणाऱ्याच्या हिशेबातून आलेली असते. मालमत्तेवर कुणाचा तरी दावा असतो, आणि तो मिटवायची जबाबदारी खरेदीदाराने घ्यावी अशी मूक अपेक्षा असते. शिवाय सगळं एकदम घेणारा एकच धनवान ग्राहक कुठून तरी येईल, या भरवशावर वर्षं जातात.

लोणावळा ज्यात येतं त्या मावळ तालुक्यात आज विक्रीला असलेली घरं तीन काळांतली आहेत. भोर घाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या पारशी, बोहरा, गुजराती कुटुंबांनी हवापालटासाठी लोणावळा-खंडाळ्यात मोठ्या आवारांचे बंगले बांधले. पुढे दादर, गिरगाव, पार्ल्याचे आणि पुण्याचे मराठी मध्यमवर्गीयही आले. ही झाली पहिली पिढी, आणि तिचे वारस आता विकायला बसले आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तेव्हाच्या आगेमागे कामशेत, मळवली, पवनानगर या पट्ट्यात प्लॉटच्या योजना निघाल्या. ती दुसरी पिढी. तिसरी करोनानंतरची. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात राज्याने मुद्रांक शुल्कात सवलत दिली होती, घरून काम चालू होतं, आणि शहरातल्या दोन खोल्यांत कोंडलेल्या माणसांना डोंगरातलं घर हवं होतं. त्या भरात घेतलेले व्हिले आता पुन्हा बाजारात येत आहेत. तिन्ही पिढ्यांची घरं अडतात, पण अडण्याची जागा प्रत्येकीची निराळी असते.

किंमतीचं आधी बोलू, कारण विकणारा तिथूनच सुरू करतो. लोणावळ्यात बंगल्याचा भाव विचारला की बहुतेक मालक शेजारच्या बंगल्याचा भाव सांगतात. शेजारचा बंगला मात्र विकला गेलेला नसतो, त्याचीही पाटी लागलेलीच असते. म्हणजे एका न विकल्या गेलेल्या घराच्या मागणीवर दुसऱ्याची मागणी उभी राहते, आणि अख्ख्या गल्लीचा भाव असा हवेत चढतो. कुणाला मुलासाठी ठाण्यात फ्लॅट घ्यायचा असतो, तेवढी रक्कम यायला हवी म्हणून तेवढी किंमत. कुणी करोनाच्या काळात चढ्या भावाने घेतलं, वर फर्निचर केलं, पोहण्याचा तलाव बांधला, म्हणून तो सगळा खर्च अधिक व्याज. हे हिशेब विकणाऱ्याच्या दृष्टीने खरे असतात. घेणाऱ्याला त्यांच्याशी देणंघेणं नसतं.

खरा भाव कळायची सोय आहे आणि ती फारच कमी लोक वापरतात. नोंदणी झालेल्या प्रत्येक खरेदीखताची सूची क्रमांक २, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात ती, नोंदणी विभागाकडे पाहता येते. त्याच गावातले, शक्य तर त्याच सर्व्हे नंबरच्या आसपासचे गेल्या दोन वर्षांतले व्यवहार काढावेत. त्यात क्षेत्र असतं, रक्कम असते, तारीख असते. जाहिरातीतला भाव आणि दस्तातला भाव यांतलं अंतर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की घरातली निम्मी वादावादी थांबते.

दस्तात पूर्ण रक्कम दिसत नाही, उरलेली रोख जाते, असं यावर कुणी म्हणेल. पूर्वी तसं सर्रास होई आणि आजही होत असेल. पण आज बंगला घेणारा मुंबई-पुण्याचा नोकरदार बँकेचं कर्ज काढून येतो. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक मूल्याच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, आणि हे मूल्य बँकेचा मूल्यमापक ठरवतो. उरलेले २५ टक्के, मुद्रांक शुल्क आणि एजंटची दलाली त्याला खिशातून भरायची असते. त्याच्याकडे रोख मागितली की तो निमूट निघून जातो. फोन का आला नाही, हे मालकाला कधीच कळत नाही.

रोख मागण्यामागे कराची धास्ती असते, आणि ती बरेचदा निराधार असते. २००१ पूर्वी घेतलेल्या घरासाठी १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य आधार धरता येतं. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं घर निवासी भारतीय व्यक्ती विकत असेल, तर निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा निर्देशांक लावून वीस टक्के, यांतला कमी बसेल तो कर निवडता येतो. दुसरं घर घेतलं किंवा ठरलेल्या रोख्यांत पैसे गुंतवले तर सूटही आहे. पाटी लावण्याआधी सनदी लेखापालासमोर एक तास बसलं तर किती रक्कम हातात येईल ते कागदावर दिसतं. वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याची, म्हणजे रेडी रेकनरची, अडचण मात्र खरी आहे. हे दर १ एप्रिल २०२५ पासून वाढले. विक्रीची रक्कम त्या मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली गेली तर फरकावर विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही कर लागू शकतो. आडगल्लीतल्या, रस्ता नसलेल्या, ओल धरलेल्या जुन्या बंगल्याचा बाजारभाव कधीकधी या दराखाली असतो. अशा वेळी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मूल्य ठरवून घेण्यासाठी, जाण्याचा मार्ग आहे. तो घेतला नाही तर दोन्ही पक्षांची इच्छा असूनही व्यवहार बसत नाही.

पाटी पुन्हा लावताना किंमत किती आणि कशी उतरवावी, याचं सार्वजनिक नोंदीतलं उत्तम उदाहरण गोव्यात आहे. कर्ज थकवलेले उद्योजक विजय मल्ल्या यांचा कांदोळीचा किंगफिशर व्हिला बँकांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये ८५.२९ कोटींच्या राखीव किंमतीवर लिलावात काढला. कुणी आलं नाही. डिसेंबरमध्ये ८१ कोटी, तरीही कुणी नाही. मार्च २०१७ मध्ये ७३ कोटी, तेव्हाही नाही. शेवटी एप्रिलमध्ये वाटाघाटीने, ७३ कोटींहून जेमतेम वर, अभिनेते-उद्योजक सचिन जोशी यांनी तो घेतला. मुंबईत विमानतळाजवळचं कार्यालय, किंगफिशर हाऊस, मार्च २०१६ मध्ये १५० कोटींना निघालं. मग १३५, मग ११५, असं उतरत गेलं. विकलं गेलं ते २०२१ साली, सुमारे ५२ कोटींना.

दोन्ही मालमत्ता एकाच कर्जदाराच्या आणि विकणाऱ्या बँका त्याच. व्हिला पहिल्या किंमतीच्या चौदा-पंधरा टक्के खाली सहा महिन्यांत गेला. कार्यालयाच्या इमारतीने पाच वर्षं घेतली आणि पहिल्या किंमतीच्या जेमतेम एक तृतीयांशावर येऊन थांबली. बँकांना दुसरा मार्ग नसतो, कारण त्यांचा लिलाव उघड्यावर होतो. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली पहिल्या विक्रीला ३० दिवसांची नोटीस, फसली तर पुढच्या वेळी १५ दिवसांची. मावळातले जाणते खरेदीदार अशा नोटिशा कापून ठेवतात आणि तिसरीची वाट पाहतात. आपण दर दोन महिन्यांनी पाच-पाच लाख उतरवतो, तेव्हा आपणही असल्याच नोटिशा काढत असतो. घेणारा म्हणतो, थांबू, अजून उतरेल. किंमत उतरवायचीच असेल तर पाटी काढून काही महिने थांबावं आणि दस्तांतल्या भावाला धरून एकदाच, नीट उतरवावी. मला तरी यापेक्षा शहाणा मार्ग दिसत नाही.

पण किंमतीने अडलेली घरं उशिरा का होईना जातात. कागदाने अडलेली जात नाहीत.

समजा, लोणावळ्याच्या भांगरवाडीत दादरच्या एका शिक्षकाने १९७४ साली प्लॉट घेऊन छोटा बंगला बांधला. ते १९९६ साली गेले, पत्नी २००९ साली. मुलं चार. थोरला दादरला, धाकटा पुण्याला, एक मुलगी इंदूरला, एक न्यू जर्सीत. नगर भूमापनाच्या मालमत्ता पत्रकावर नाव अजून वडिलांचं. घरपट्टी थोरला भरतो, म्हणून त्याला वाटतं घर आपल्या ताब्यात आहे. एजंटला बोलावून तो पाटी लावतो. ग्राहक येतो, त्याला घर आवडतं, टोकनही देतो. मग त्याचा वकील मालमत्ता पत्रक मागतो आणि सगळं थांबतं. वारस नोंदीला अर्ज, नोटीस, हरकतीची मुदत. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं निघतं, आणि ते मुंबईत केलेलं. मुंबईतल्या मृत्युपत्राला वर्षानुवर्षे प्रोबेट, म्हणजे न्यायालयाची मान्यता, लागत असे, त्यामुळे वकील तो प्रश्न काढतोच. न्यू जर्सीच्या बहिणीचं मुखत्यारपत्र हवं. तिथे साक्षांकित झालेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं, हे कुणाला माहीत नसतं. अनिवासी विक्रेत्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराने नेहमीचा एक टक्का कापून चालत नाही, बराच जास्त कर कापावा लागतो. बहिणीने कमी कपातीचा दाखला आधीच काढला नसेल तर तिचे पैसे पुढच्या विवरणपत्रापर्यंत अडकतात. यात वर्ष जातं. ग्राहक तोवर तळेगावात रो-हाऊस घेऊन मोकळा झालेला असतो.

बहिणींच्या नावांबद्दल थोडं परखड बोललं पाहिजे. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा हिस्सा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलाइतकाच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने आला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. तरी अजूनही भाऊ गृहीत धरतात की ताई सही करेल, हक्कसोडपत्र देईल. काही ताया देतातही, आनंदाने. पण ते विचारून, वेळेवर, नोंदणी कार्यालयात झालं पाहिजे, ग्राहक दारात आल्यावर रात्री फोन करून नव्हे. ज्या घरात तिने उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या काढल्या, ते विकायला काढलं आहे हे तिला एजंटच्या मोबाइलवरच्या फोटोतून कळावं, याइतकं दुखावणारं दुसरं काही नाही. असे दुखावलेले लोक भाव पाडतात, सही लांबवतात, कोर्टात जातात. त्यांचं सगळंच चुकतं असं मला वाटत नाही.

प्लॉटच्या योजनांतली घरं आणखी खोल अडतात. त्या काळी मुंबईत सुंदर निळे नकाशे दाखवून पाच-पाच, अकरा-अकरा गुंठ्यांचे प्लॉट विकले गेले. नकाशावर प्लॉट नंबर १७ होता, रस्ता होता, बाग होती. सातबाऱ्यावर मात्र अख्खा गट एकच राहिला, त्यावर तीस-चाळीस नावं सामाईक चढली, आणि कुणाची हद्द कुठे हे सरकारी मोजणीत कुठेच नाही. जमीन शेतीची असेल तर कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला ती विकता येत नाही, म्हणजे शंभरातले नव्वद ग्राहक तिथेच गळतात. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर पुण्यासह बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. त्याखालच्या तुकड्यांना नियमित करण्याची वाट शासन गेली काही वर्षं टप्प्याटप्प्याने रुंद करत आहे, त्यामुळे जुन्या नकाराच्या आधारावर बसून न राहता आपला तुकडा आता कुठे बसतो ते तहसील कार्यालयात नव्याने विचारलं पाहिजे.

काही जणांकडे तर खरेदीखतच नाही. साठेखत आहे आणि कुलमुखत्यारपत्र आहे, त्यावरच वीस वर्षं घर वापरलं. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सांगितलं की अशा कागदांनी मालकी येत नाही. मूळ जमीनमालक किंवा त्याचे वारस गावात आहेत तोवर त्यांना भेटून रीतसर खरेदीखत करून घेणं, हेच अशा घराच्या विक्रीचं पहिलं पाऊल आहे. त्यासाठी पैसे मोजावे लागतील, आणि ते मोजणं मला रास्त वाटतं. पवना धरण, टाटांची धरणं, द्रुतगती मार्ग आणि आता रिंग रोड, या सगळ्यांसाठी जमीन देत आलेला हा तालुका आहे. इथल्या शेतकऱ्याला कागदाचं मोल उशिरा कळलं, याचा फायदा आजवर बाहेरच्यांनीच घेतला.

सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना मालक सहसा वाचत नाहीत, ग्राहकाचा वकील मात्र तोच आधी वाचतो. जुन्या सोसायटीचं कर्ज, कुळाचं नाव, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, भोगवटादार वर्ग २, यांतलं काहीही निघू शकतं. कर्ज फिटून तीस वर्षं झाली तरी बोजा चढलेलाच असतो, कारण कमी करायला कुणी अर्जच दिलेला नसतो. हे सगळं आता महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं.

तिसऱ्या पिढीच्या व्हिल्यांचा कागद वरवर स्वच्छ असतो. त्यांचं दुखणं मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधण्यात आहे. पार्किंगच्या जागी खोली, गच्चीवर पत्रे टाकून हॉल, सामासिक अंतरात तलाव. बँकेचा मूल्यमापक हे मोजतच नाही, आणि मालक त्याच वाढीव चौरस फुटांचे पैसे मागत असतो. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर कर्जच अडतं. पुन्हा आरक्षणाचा घोळ आहे. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप विकास आराखडा २०२१ साली जाहीर झाला आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. ‘नवीन आराखड्यात निवासी’ म्हणून ज्यांनी भाव वाढवले होते, त्यांचा आधारच गेला. जाहिरातीत द्रुतगती मार्गाची मिसिंग लिंक आवर्जून लिहितात. त्याऐवजी आपल्या गटाचा झोन दाखला, पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आपलं गाव आहे का याचं उत्तर, इंद्रायणीकाठी असल्यास पूररेषेचा नकाशा आणि नौदलाच्या हद्दीजवळ असल्यास त्यांची ना हरकत, एवढं फाइलमध्ये ठेवलं तर ग्राहकाचे दोन महिने वाचतात. मळवलीच्या बाजूला अलीकडच्या पावसाळ्यांत पुराचं पाणी बंगल्यांत शिरून पर्यटक अडकले आहेत. घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. आपल्या आवारात पाणी कुठवर आलं होतं ते आपणच आधी सांगावं.

पावसाचा हिशेब इथे निराळाच आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बंद घर या पावसात टिकत नाही. पश्चिमेच्या भिंती ओल धरतात, कपाटांच्या पाठी काळ्या पडतात, गाद्यांना वास येतो, वायरिंगमध्ये गळती होते. बरेच मालक गणपतीनंतर घाईघाईने रंग काढतात आणि ग्राहकाला ऑक्टोबरमध्ये दाखवतात. ओल्या गिलाव्यावरचा रंग दिवाळीपर्यंत फुगतो, आणि ग्राहक दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याला भिंतीपेक्षा मालकाबद्दलच शंका येते. गळतीचं मूळ शोधायला जुलै हाच महिना. त्या महिन्यात घरात चार दिवस राहावं, पाणी कुठून येतं ते पाहून खुणा कराव्यात. दुरुस्ती नोव्हेंबरात, भिंती सुकल्यावर. रंग डिसेंबरअखेर. घर दाखवायचं जानेवारी ते अक्षय्य तृतीया. पितृपक्षात मराठी ग्राहक सही करत नाही, आणि पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी घाटाच्या कोंडीत चार तास अडकून आलेला ग्राहक कुठलंच घर शांतपणे पाहू शकत नाही.

फोटोंबद्दल एवढंच, की धुकं आणि हिरवाई सगळ्यांच्याच फोटोंत असते. विहीर किंवा बोअरला एप्रिलमध्ये पाणी किती राहतं, गाडी दारापर्यंत जाते का, वहिवाटीचा रस्ता कुणाच्या जमिनीतून आहे, हे कुणी दाखवत नाही. विचारणा तर त्याचीच होते. दक्षिणमुखी घराला ग्राहक कमी हेही खरं आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यांना दिशेचं वावगं नाही असे ग्राहक पुरेसे असतात, फक्त त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ जास्त धरावा.

एजंटांवर राग काढणं सोपं आहे. पण एकच बंगला आठ जणांना सांगायचा, एकाला दोन कोटी, दुसऱ्याला एक ऐंशी, आणि गावातल्या मेहुण्यालाही ‘बघ कुणी असेल तर’ म्हणायचं, ही पद्धत मालकाचीच. संकेतस्थळांवर मग त्याच घराच्या पाच जाहिराती पाच किंमतींना दिसतात आणि तीन वर्षं जुनी तारीख घेऊन बसतात. पुन्हा पाटी लावण्याआधी त्या सगळ्या काढायला लावल्या पाहिजेत. मग एकाच एजंटला, लेखी, सहा महिन्यांसाठी आणि एकाच किंमतीवर काम द्यावं. दलाली किती, कधी, कोण देणार हे त्याच कागदावर लिहावं. जो एजंट कागदपत्रं मागण्याआधी भाव सांगतो त्याला काम देऊ नये.

बंगला भाड्याने देणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. शनिवार-रविवारी पर्यटकांना दिलेल्या बंगल्याचं उत्पन्न मालक विक्रीच्या किंमतीत धरतो, पण त्याची नोंद बँक खात्यात नसते, परवानगी नसते, शेजारी आवाजाच्या तक्रारी करून थकलेले असतात. घेणारा शेजारच्या फाटकाशी उभा राहून पाच मिनिटं बोलला की त्याला सगळं कळतं.

आणि राखणदार. या साऱ्या विषयात माझ्या मनाला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट ही आहे. आवाराच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत एक कुटुंब वीस-पंचवीस वर्षं राहतं. बागेला पाणी घालणं, मोटर चालू करणं, पावसात पत्रे बांधणं, मालक येणार असले की चादरी बदलणं, सगळं तेच करतात. मुलं तिथेच वाढली, गावातल्या शाळेत गेली. घर विकायचं ठरलं की त्यांना सांगितलं जात नाही, कारण मालकाला भीती की ते ताबा सोडणार नाहीत. त्यांनाही भीती असते, म्हणून ते ग्राहकाला पाणी नसल्याचं, साप निघत असल्याचं सांगतात, किल्ली सापडत नाही म्हणतात. गोव्याच्याच एका घराच्या वादात, मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये सांगितलं आहे की राखणदार कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालकी किंवा ताब्याचा हक्क मिळत नाही. कायदा मालकाच्या बाजूने आहे. तरीही दावा चालू झाला तर ग्राहक दहा वर्षं थांबणार नाही, आणि कायदा बाजूने आहे म्हणून इतक्या वर्षांच्या कष्टांचं देणंही संपत नाही. पाटी लावण्याआधी त्यांना बसवून सांगावं. थकलेला पगार, सेवेची रक्कम, दुसरीकडे घर लावायला भाडं आणि अनामत, हे विक्रीच्या हिशेबात पहिल्या ओळीला लिहावं. करार लेखी करावा, रक्कम बँकेतून द्यावी आणि तारीख त्यांना विचारून ठरवावी, मुलांची परीक्षा संपल्यावरची. नवा मालक त्यांनाच ठेवून घेत असेल तर तेही आधीच तिघांत बोलून घ्यावं.

तर दोन-तीन वर्षं पाटी लावून थकलेल्या माणसाने या दिवाळीत काय करावं? पाटी काढावी. भावंडांना पाडव्याला किंवा भाऊबीजेला एकत्र बसवावं, परदेशातल्यांना फोनवर घ्यावं, आणि तीनच गोष्टी ठरवाव्यात: विकायचं नक्की आहे का, खालची किंमत किती, आणि सह्यांसाठी बोलायचं कुणी. कुणाला ठेवायचं असेल तर त्याने इतरांचे हिस्से दस्तांच्या भावाने घ्यावेत. बाहेरच्या ग्राहकाची वाट पाहणारी कितीतरी घरं खरं तर घरातल्याच एकाला हवी असतात, त्याने तोंड उघडलेलं नसतं. पुढच्या आठवड्यात वडगाव मावळच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज द्यावा, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे लागू शकतो. त्याच सुमारास वारस नोंद आणि बोजा कमी करण्याचे अर्ज. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या खर्चाने काढून घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. ग्राहकाने करायची ही कामं मालकानेच आधी केली की हरकत घेणारा चुलतभाऊ टोकनच्या आधी समोर येतो. घरपट्टी, वीज, पाणी, बिगरशेती आकार यांची थकबाकी भरून पावत्या फाइलला लावाव्यात. फ्लॅट किंवा रो-हाऊस असेल तर सोसायटीचा भागदाखला आणि ना हरकत पत्र. संस्थेला पंचवीस हजारांहून जास्त हस्तांतर शुल्क घेता येत नाही, हे लक्षात ठेवावं.

जानेवारीत पाटी पुन्हा लावावी, एकाच किंमतीची. ग्राहक ठरला की विसार बँकेतूनच घ्यावा. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याने दंडाचं काम आहे. साठेखत नोंदवावं, त्यात कर्ज मंजुरीची मुदत आणि मुदत हुकल्यास विसाराचं काय हे लिहावं. रक्कम पन्नास लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरल्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. खरेदीखताच्या दिवशी किल्ल्यांबरोबर मोजणीचा नकाशा, बोअरची माहिती, गळतीच्या जागा आणि प्लंबर-इलेक्ट्रिशियनचे फोन नंबर द्यावेत. नंतर दोन महिन्यांनी मालमत्ता पत्रक किंवा सातबारा पुन्हा काढून पाहावा. नवं नाव चढलेलं नसेल, वीज मीटर अजून वडिलांच्याच नावे असेल, तर खरेदीदाराबरोबर नगर भूमापन किंवा तलाठी कार्यालयात आणि महावितरणच्या शाखेत एक फेरी मारून ते पुरं करून द्यावं.